ईश्वरी कृपा आणि जीवनाचा पालट

'कृपा' हा शब्द मराठी घरांत इतका रुळलेला आहे की, त्याचा अर्थ सहसा कोणी थांबून विचारीत नाही. पत्राच्या शेवटी 'कृपा असावी' असे लिहितात; पाऊस वेळेवर आला तर देवाची कृपा म्हणतात; आजारी मूल उठून बसले तरी तेच म्हणतात. वारकऱ्याच्या तोंडी हा शब्द अधिक गहिरा होतो. ख्रिस्ती धर्मविचारात तर सर्व इमारत ह्याच शब्दावर उभी आहे. मनुष्य देवाचा शोध घेतो, त्याच्या आधीच देव मनुष्याच्या शोधास निघालेला असतो. आणि तो येतो तेव्हा मनुष्याची लायकी मोजीत बसत नाही, असा त्या शब्दाचा तेथे आशय आहे.

हा आशय ऐकावयास गोड वाटतो; परंतु विचार करू गेल्यास त्यातून दोन अडचणीचे प्रश्न उभे राहतात. कृपा जर सर्वस्वी देणाऱ्याच्या इच्छेवर अवलंबून असेल, तर मनुष्याच्या प्रयत्नास काय किंमत उरली? आणि एखाद्याने 'माझ्यावर कृपा झाली' असे म्हटले, तर ते खरे की मनाचा खेळ, हे इतरांनी कशावरून ओळखावे? ह्या प्रश्नांची चर्चा मोठमोठ्या ग्रंथांत झालेली आहे. तथापि ग्रंथांपेक्षा माणसांच्या चरित्रांत त्यांची उत्तरे अधिक स्पष्ट सापडतात, आणि तशी चरित्रे शोधण्यास महाराष्ट्राबाहेर जावे लागत नाही.

प्रथम शब्दाविषयी थोडेसे. नव्या करारात ह्या अर्थी 'खारिस' हा ग्रीक शब्द योजिलेला आहे. मोबदल्यावाचून, केवळ प्रसन्नतेने दिलेली देणगी, असा त्याचा अर्थ. ह्या शब्दाला सर्वांत अधिक वजन आणले ते संत पौलाने. पौल हा कोणी मुमुक्षू नव्हता. ख्रिस्तानुयायांना धरून बांधून आणण्याचे अधिकारपत्र घेऊन तो दमास्कसला निघाला होता, आणि त्या वाटेवरच त्याचे जीवन उलटे फिरले. ज्याने मागितली नाही, किंबहुना जो विरोध करीत होता, त्याच्या पदरात देणगी पडली. पुढे पाचव्या शतकाच्या आरंभी ऑगस्टीन आणि पेलाजियस ह्यांच्यामध्ये ह्याच मुद्द्यावर प्रसिद्ध वाद झाला. मनुष्य आपल्या इच्छाशक्तीने सन्मार्गावर राहू शकतो, असा पेलाजियसचा भर होता. ऑगस्टीनने इच्छाशक्तीचा दुबळेपणा स्वतः भोगला होता. मार्ग कळत असूनही वर्षानुवर्षे त्याचे पाऊल उचलत नव्हते, आणि ३८६ साली मिलान येथील एका बागेत पौलाच्या पत्रातील काही ओळी वाचल्यावर ते उचलले गेले. तेव्हा इच्छा करण्याचे बळसुद्धा देवच देतो, असे त्याने आग्रहाने मांडिले.

हा वाद आपल्याकडे अपरिचित नाही. दक्षिणेतील श्रीवैष्णवांत ह्याच प्रश्नावरून दोन पक्ष पडले. एकाने मर्कटाच्या पिलाचा दृष्टांत दिला: माकडीण उडी मारते, पण पिलाला तिला घट्ट धरून राहावे लागते. दुसऱ्याने मार्जाराच्या पिलाचा दृष्टांत दिला: मांजरी आपल्या पिलाला तोंडात धरून नेते, पिलाने काहीच करावयाचे नसते. ऑगस्टीन तिरुवरंगमला जन्मला असता तर मार्जारपक्षात गणला गेला असता, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या दोन टोकांच्या मधली वाट शेतकऱ्याच्या अनुभवात सापडते. यवतमाळ जिल्ह्यात राळेगावच्या बाजूला काळ्या जमिनीत कापूस पिकतो, आणि त्यातील बरीचशी शेती आजही पावसाच्या भरवशावर चालते. मृगाच्या आधी शेतकरी वखरणी करून, काडीकचरा वेचून रान तयार ठेवतो. मग तो आभाळाकडे पाहतो. रान चांगले वखरले म्हणून पाऊस येत नाही. आळशी शेजाऱ्याच्या रानावरही तो तसाच पडतो. परंतु पाऊस पडला आणि रान तयार नसले, तर ते पाणी वाहून जाते आणि हंगाम हातचा जातो. पाऊस कमावता येत नाही, पण तो वाया घालविता येतो. कृपेविषयी ख्रिस्ती संतांनी जे सांगितले, ते ह्याहून फारसे निराळे नाही.

राळेगाव तालुक्याच्या कडेने वर्धा नदी वाहते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही नदी वऱ्हाड आणि मध्यप्रांत ह्यांमधील सीमा होती. नदी ओलांडून उत्तरेस गेले की नागपूर, आणि नागपुराहून पूर्वेस आगगाडीने गेले की राजनांदगाव. ह्या आगगाडीच्या प्रवासात १८९३ साली एक घटना घडली. बाहेरून पाहणाऱ्याला तिच्यात घटना म्हणण्यासारखे काहीच दिसले नसते: दोन अनोळखी प्रवासी एका डब्यात बसून बोलत होते, एवढेच.

त्यांपैकी एक नारायण वामन टिळक. जन्म १८६१ सालचा, रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचा. वय तिशीच्या पलीकडे, जातीने चित्पावन ब्राह्मण, संस्कृतात पारंगत, वृत्तीने कवी, आणि स्वभावाने अत्यंत अस्थिर. एका गावी नोकरी धरावी, ती सोडावी, हातात आलेला पैसा कोणाला तरी देऊन टाकावा, रागाच्या भरात घराबाहेर पडावे आणि दिवसचे दिवस परतू नये, असा त्यांचा क्रम होता. नागपुरास श्रीमंत बुटी ह्यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले आणि 'ऋषी' नावाचे मासिकही चालविले. परंतु मनास शांती नव्हती. प्रचलित धर्माचाराने त्यांचे समाधान होत नव्हते; राष्ट्राच्या उन्नतीसाठी नवा धर्मच स्थापावा, असेही विचार त्यांच्या डोक्यात घोळत होते. रान वखरलेले होते, असेच म्हणावयास हवे.

त्या डब्यात त्यांस एक युरोपियन गृहस्थ भेटले. संस्कृत काव्याविषयी बोलणे निघाले, ते धर्माकडे वळले, आणि निरोप घेताना त्या गृहस्थांनी नव्या कराराचे एक पुस्तक टिळकांच्या हाती दिले. दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असेही ते म्हणाल्याचे चरित्रकार सांगतात. त्या गृहस्थांचे नाव टिळकांस पुढे कधीच कळले नाही. पुस्तक फारसे आवडले नाही, तरी वाचण्याचे वचन दिले होते म्हणून त्यांनी ते उघडले. मत्तयाच्या शुभवर्तमानातील गिरिप्रवचनापाशी आल्यावर मात्र ते पुस्तक त्यांना खाली ठेववेना. ज्या प्रश्नांची उत्तरे ते स्वतः घडवू पाहत होते, ती तेथे अगदी साध्या शब्दांत मांडलेली त्यांना दिसली. पुढे अनेक महिने त्यांनी अभ्यास केला, पत्रव्यवहार केला, शंका काढल्या. त्याच काळात त्यांस स्वप्नात दृष्टांत झाल्याचेही सांगतात. ज्या महाराष्ट्रात तुकोबांना गुरूचा उपदेश स्वप्नात मिळाला, तेथे एका कवीला असा दृष्टांत व्हावा ह्यात नवल नाही. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. परक्या मिशनऱ्याऐवजी तुकाराम नथोजी ह्या एतद्देशीय पाळकाच्या हातून तो घ्यावा, हा त्यांचा आग्रह होता.

पुष्कळशा धार्मिक कथा येथे संपतात. अंधार होता, प्रकाश झाला, आता पुढे सांगण्यासारखे काही उरले नाही, असा त्यांचा थाट असतो. टिळकांच्या घरात मात्र खरी कथा येथून सुरू झाली, कारण त्या घरात आणखी एक व्यक्ती होती. नवऱ्याने ज्याला कृपा म्हटले, तो तिच्यावर कोसळलेला डोंगर होता.

लक्ष्मीबाई टिळक ह्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. त्यांच्या वडिलांचे सोवळे इतके कडक की, बाजारातून आणलेली मिठासारखी वस्तूदेखील धुऊन घेतल्यावाचून घरात येत नसे. अशा घरात वाढलेली, बालपणी लग्न झालेली, अक्षरओळख बेताचीच असलेली ही बाई. नवरा धर्मांतर करून बसला, म्हणजे त्या काळच्या समजुतीप्रमाणे तो जिवंतपणी गेलाच. तिचे कुंकू पुसले गेले नव्हते, आणि संसारही उरला नव्हता. लहानगा दत्तू पदरात होता. नातलगांनी तिला सांभाळले, तिच्यावर नजर ठेवली, न जाणो दुःखाच्या भरात ती जिवाचे काही करून घेईल म्हणून. सुमारे पाच वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली, आणि त्यांतील बराचसा काळ लक्ष्मीबाईंनी पंढरपुरास काढला. एकाच्या जीवनात आलेला प्रकाश दुसऱ्याच्या जीवनात अंधार करून गेला. ह्या गोष्टीकडे डोळेझाक करून कृपेचे गोडवे गाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

स्वतः टिळकांना तरी हा वियोग सोपा गेला असे नाही. ते पत्रे लिहीत, कविता करून पाठवीत, भेटीची खटपट करीत. मात्र धर्म बदलण्याची सक्ती आपण बायकोवर करणार नाही, हा त्यांचा शब्द होता, आणि तापट स्वभावाच्या ह्या माणसाने तो पाळला. अखेर लक्ष्मीबाई नगरास नवऱ्याजवळ आल्या, त्या आपले सोवळे बरोबर घेऊनच. त्यांची खोली निराळी, चूल निराळी, पाणी निराळे. ख्रिस्ती टिळकांनी त्या सोवळ्याची सर्व व्यवस्था लावून दिली. त्या घरातील त्या काळच्या दिनक्रमाचे जे वर्णन लक्ष्मीबाईंनी पुढे केले आहे, ते वाचताना हसू येते आणि मन गहिवरतेही.

ह्या बाईचे मन पालटले ते कोणत्या प्रवचनाने? कोणत्याच नव्हे. कोणी अनोळखी प्रवासी तिला भेटला नाही, कोणते पुस्तक तिने एका बैठकीत वाचून काढले नाही. ज्यांच्या स्पर्शाने विटाळ होतो असे तिला शिकविले होते, त्याच माणसांनी तिच्या अडीअडचणीला धावून यावे, तिच्या मुलाला जीव लावावा, आणि तिने मात्र त्यांच्या हातचे पाणी पिऊ नये, ही विसंगती हळूहळू तिच्या मनास टोचू लागली. पशुपक्ष्यांच्या जाती देवाने केल्या हे दिसते. माणसांमाणसांतील जाती कोणी केल्या? राहुरी येथील मुक्कामात हा प्रश्न तिने स्वतःला विचारला, आणि उत्तर मिळताच एका निश्चयासरशी सोवळे सोडून दिले. त्यानंतर १९०० साली तिने बाप्तिस्मा घेतला. नवऱ्याच्या मागे फरफटत गेलेल्या बाईचा तो बाप्तिस्मा नव्हता. पाच वर्षे ज्या गोष्टीला तिने मनापासून विरोध केला, तिला तिने आपल्या बुद्धीने आणि आपल्या वेळेने होकार दिला.

पती आणि पत्नी दोघांचाही पालट झाला; पण किती भिन्न रीतीने! एकाच्या दारी कृपा आगगाडीतून उतरल्यासारखी अवचित आली. दुसरीकडे ती मोटेच्या पाण्यासारखी पाटापाटाने, वाफ्यावाफ्याने आली. कोणती अधिक खरी, हा प्रश्नच चुकीचा आहे. पाणी दोन्हीकडे एकच होते.

ह्याच संदर्भात पंडिता रमाबाईंच्या चरित्रातील एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. अनंतशास्त्री डोंगरे ह्यांची ही विदुषी कन्या १८५८ साली जन्मली. तीर्थयात्रा करीत फिरणारे हे कुटुंब दुष्काळात सापडले आणि आईबाप उपासमारीने थोड्याच अंतराने दगावले. भाऊ श्रीनिवास आणि रमाबाई पायी भारतभर हिंडली. कलकत्त्याच्या पंडितांनी १८७८ साली त्यांस 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या दिल्या. पुढे भाऊ गेला, पतीही गेले. लहान मुलीला घेऊन १८८३ साली रमाबाई इंग्लंडला गेल्या. लंडनमध्ये फुलहॅम येथे समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या ख्रिस्ती भगिनी त्यांनी पाहिल्या. ह्या बायकांना ह्यांच्याविषयी इतकी माया कोठून आली, असे त्यांनी विचारले, तेव्हा त्यांस येशू आणि शोमरोनी स्त्री ह्यांच्या भेटीची कथा वाचून दाखविण्यात आली. त्याच वर्षी २९ सप्टेंबर रोजी वाँटेज येथे त्यांनी मुलीसह बाप्तिस्मा घेतला.

आता पुढील गोष्ट विशेष आहे. १९०७ साली लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सांगतात की, बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता, परंतु ख्रिस्त त्यांस लाभला तो पुढे सुमारे आठ वर्षांनी. मधल्या काळात त्या मतामतांच्या गलबल्यात गोंधळून गेल्या होत्या. विल्यम हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा उपदेशक व्यासपीठावर उभा राहून इतरांस उपदेश करीत असतानाच स्वतः पालटला होता. धर्माचे काम करीत असूनही माणूस आतून कोरडा असू शकतो, हे त्या वाचनाने रमाबाईंच्या लक्षात आले, आणि आपल्या विद्वत्तेचा व कर्तबगारीचा भार खाली ठेवून त्यांनी कृपेपुढे हात पसरले. संस्कृत पंडितांच्या सभा जिंकणाऱ्या बाईला हात पसरणे किती कठीण गेले असेल, ह्याची कल्पना करता येते.

त्या हातांत जे पडले, ते त्यांनी मुठीत धरून ठेवले नाही. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्यप्रांत होरपळून निघाला, म्हणजे राळेगावाहून पाहता वर्धा नदीच्या पलीकडचाच मुलूख. रमाबाई तेथे स्वतः गेल्या. उपासमार त्यांनी लहानपणी अंगावर काढली होती. वाटेवर पडलेल्या मुलींचे काय होते, हे त्यांस कोणी सांगावयास नको होते. सुमारे तीनशे मुली आणि स्त्रिया त्यांनी बरोबर आणल्या, आणि पुण्याजवळ केडगाव येथे त्यांच्या वस्तीतून 'मुक्ति' उभे राहिले. विणकाम, छपाई, शेती, शिक्षण ह्यांनी गजबजलेली ती एक नगरीच झाली. १९०५ साली तेथे मोठे आध्यात्मिक जागरण झाले. त्याची कीर्ती जगभर पसरली. पण त्या जागरणाच्या आधी आणि नंतरही शेकडो ताटे रोज वाढली जात होती, हे अधिक लक्षात ठेवण्यासारखे आहे. रमाबाईंनी बायबलाचे मराठी भाषांतर मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांतून केले, आणि ते काम पुरे होत आले असतानाच १९२२ साली त्यांनी देह ठेविला.

कृपा ही एका क्षणात पुरी होणारी गोष्ट नव्हे, ह्याचे एक अस्वस्थ करणारे उदाहरण इंग्लंडच्या इतिहासात आहे. 'अमेझिंग ग्रेस' ह्या जगप्रसिद्ध ख्रिस्ती गीताचा कर्ता जॉन न्यूटन हा गुलामांचा व्यापार करणाऱ्या जहाजांवरील खलाशी होता. १७४८ साली भर समुद्रात वादळात सापडून जहाज बुडू लागले, तेव्हा त्याने देवाचा धावा केला आणि तो वाचला. आपल्या पालटाचा दिवस म्हणून तो त्या दिवसाचे स्मरण करीत असे. परंतु त्यानंतरही काही वर्षे तो गुलामांच्या जहाजांवर कप्तान म्हणून राहिला. वर डेकवर प्रार्थना आणि खाली तळघरात साखळदंड, असा तो प्रकार होता. १७५४ साली प्रकृतीच्या कारणाने त्याचे समुद्रावरील जीवन संपले, पुढे तो धर्मोपदेशक झाला, आणि त्या व्यापाराचा उघड धिक्कार करणारे पुस्तक त्याने १७८८ साली प्रसिद्ध केले. वादळापासून त्या पुस्तकापर्यंत चाळीस वर्षे गेली. कृपेने डोळे उघडले खरे, पण सर्व काही दिसावयास चाळीस वर्षे लागली. आणि त्या चाळीस वर्षांची किंमत दुसऱ्या कोणी तरी साखळदंडांत भरली. स्वतःला पालटलेला म्हणविणाऱ्या प्रत्येकाने हे उदाहरण समोर ठेवावे.

आता आरंभीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. हे सर्व मनाचे खेळ नव्हेत कशावरून? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्स ह्यांनी एडिंबरो येथे दिलेल्या व्याख्यानांत ह्या प्रश्नाचा शांतपणे विचार केला आणि १९०२ साली ती व्याख्याने ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. एकाएकी होणारा पालट हा पुष्कळदा मनाच्या खालच्या थरांत दीर्घकाळ शिजत असलेल्या विचारांचा परिपाक असतो, हे त्यांनी मान्य केले. टिळकांच्या बाबतीत हे सहज पटते. पण बी जमिनीखाली कसे रुजले हे कळल्याने, पाऊस कोणी पाडला हा प्रश्न सुटत नाही. जेम्स ह्यांनी तो प्रश्न बाजूला ठेवून व्यवहारी कसोटी सांगितली. अनुभवाची किंमत त्याच्या उगमावरून करू नये, फळांवरून करावी. येशूची शिकवणही हीच होती.

ही कसोटी लाविली, तर टिळकांच्या जीवनात काय दिसते? त्यांचा राग गेला नाही. उधळेपणा गेला नाही. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे' ह्या आत्मचरित्रात ते सर्व मोकळेपणाने नमूद आहे. कृपेने स्वभावाचे खोड तोडले नाही; त्यावर कलम केले. पैसा पूर्वी लहरीखातर जात असे, तो आता अनाथांच्या ताटात जाऊ लागला. परक्या चालींवर बेतलेल्या गीतांच्या जागी त्यांनी ख्रिस्ती मंडळीस अभंग, ओवी आणि कीर्तन दिले. आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. आणि तो पूल त्यांनी कधीही पाडला नाही. १९१७ साली मिशनच्या नोकरीचा त्याग करून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' आरंभिला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोघेही त्यात यावेत, ही त्यांची कल्पना होती. धर्मांतर आणि अंतःकरणाचा पालट ह्या दोन गोष्टी एकच नव्हेत, हे त्यांस ठाऊक झाले होते. पहिली गोष्ट रजिस्टरात नोंदता येते. दुसरीची नोंद शेजारीपाजारी, घरची माणसे आणि नोकरचाकर ह्यांच्याजवळ असते.

वऱ्हाडात कृपेच्या सिद्धांताचे पद्धतशीर अध्यापनही झाले आहे. १९५३ साली स्थापन झालेली युनियन बिब्लिकल सेमिनरी १९८३ साली पुण्यास जाईपर्यंत यवतमाळ शहरात होती, आणि ऑगस्टीन-पेलाजियसांचा वाद तेथे अनेक विद्यार्थ्यांनी अभ्यासिला असेल. अभ्यास आवश्यकच आहे. परंतु सिद्धांताची परीक्षा जेथे होते ती जागा म्हणजे स्वयंपाकघर, माजघर, आजाऱ्याची उशाशी पेटविलेली समई. तेथे लक्ष्मीबाईंची साक्ष सर्वांत मोलाची ठरते.

कारण कृपेच्या त्या पहिल्या प्रहाराने सर्वाधिक घायाळ झाल्या त्या लक्ष्मीबाई. तक्रार करण्याचा अधिकार कोणाला असेल, तर त्यांनाच. त्यांनी तक्रार लपविली नाही. 'स्मृतिचित्रे'मध्ये आपले रडणे, आपला संताप, आपले वेडेपण सर्व काही लिहून ठेविले, आणि तेही विलक्षण विनोदाने. ज्यांच्या सावलीची त्यांस भीती वाटे, त्यांची पोरकी मुले त्यांच्या घरात वाढली. अक्षरओळखीपासून सुरुवात करणारी ही बाई मराठी गद्यातील एका अमर ग्रंथाची लेखिका झाली.

टिळक ९ मे १९१९ रोजी वारले. येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा जो संकल्प त्यांनी 'ख्रिस्तायन' ह्या नावाने आरंभिला होता, त्याचे थोडेच अध्याय त्यांच्या हातून झाले होते. ग्रंथाचा उरलेला मोठा भाग लक्ष्मीबाईंनी रचला आणि शेवट त्यांचे पुत्र देवदत्त ह्यांनी केला. ज्या नावाने १८९५ साली त्यांचा संसार मोडला, त्याच नावाचे चरित्र त्या वर्षानुवर्षे ओवी ओवी करून लिहीत बसल्या. १९३६ साली त्यांचे निधन झाले, तोपर्यंत हे काम त्यांच्या हातात होते.

देणारा कोण आणि त्याने केव्हा द्यावे, हे मनुष्याच्या स्वाधीन नाही. मिळालेले किती जणांपर्यंत पोहोचवावे, एवढे मात्र त्याच्या स्वाधीन आहे. नागपूर-राजनांदगावच्या गाडीत एका हातातून दुसऱ्या हातात गेलेले ते लहानसे पुस्तक देणाऱ्यास आपल्या देण्याचे पुढे काय झाले, हे कदाचित कधीच कळले नसेल. पण त्या देण्याचा शेवट त्या डब्यात झाला नाही, टिळकांपाशीही झाला नाही. तो मराठी भाषेत अजून चालू आहे.